आमची वाटचाल: एका कॉपी-पेस्ट पॉलिसीपासून

आम्ही पाच जण, आणि आमचं काम म्हणजे कार्यशाळा, वर्ग, शिबिरं घेणाऱ्यांसाठी ऑनलाइन नोंदणीचं सॉफ्टवेअर. म्हणजे दुसऱ्यांच्या लोकांची नावं, फोन नंबर, ईमेल आमच्याकडे जमा. सुरुवातीची काही वर्षं हा विचार डोक्यात आलाच नाही हो, खरं सांगते, फॉर्मवर जन्मतारीख पण मागायचो आम्ही, का मागतो कुणालाच माहीत नव्हतं, आधीच्या फॉर्मवर होती म्हणून पुढच्यावर आली.

मग २५ मे २०१८ ला युरोपचा जीडीपीआर, म्हणजे लोकांची खासगी माहिती कशी घ्यायची आणि सांभाळायची याचा कायदा, लागू झाला. कायदा २०१६ मध्येच झाला होता, दोन वर्षं तयारीला दिली होती, आम्ही जागे झालो शेवटच्या आठवड्यात. पार्टनर म्हणाला, "अगं, आपण कुठे युरोपात आहोत, आपल्याला कोण विचारतंय?" पण तिथल्या लोकांना सेवा देत असाल तर ऑफिस कुठेही असो, तुम्ही कायद्यात येता, आणि आमचे काही आयोजक तिथल्या लोकांसाठी ऑनलाइन वर्ग घेत होते. दंडाचा आकडा (जास्तीत जास्त २ कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्के, जे जास्त असेल ते) वाचून घाबरलो आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच केलं, एका मोठ्या कंपनीची प्रायव्हसी पॉलिसी उचलली, नाव बदललं, टाकली. "आम्ही तुमच्या गोपनीयतेचा आदर करतो" असा मेलही सगळ्यांना गेला, तेव्हा सगळ्यांच्याच इनबॉक्समध्ये असल्या मेलचा पूर आला होता.

दोन महिन्यांनी एका आयोजक बाईंचा मेल. "सातव्या परिच्छेदात ही दुसरी कुठली कंपनी आहे? माझा डेटा त्यांना देता का?" नाव बदलताना एका ठिकाणी राहिलं होतं. एवढी लाज मला दंडाच्या भीतीनेही वाटली नसती.

त्या दिवशी मी वहीत हाताने लिहायला बसले की आपण काय घेतो, कशाला घेतो, कुठे ठेवतो, कोण बघतं, कधी काढून टाकतो. त्यात सापडलेल्या भानगडी सांगायला नकोत, जुन्या लॅपटॉपवर एक्सेल शीट, काम सोडून गेलेल्या मुलाचा लॉगिन अजून चालू, आणि ती जन्मतारीख. जन्मतारीख काढली, एकानेही विचारलं नाही कुठे गेली म्हणून. पॉलिसी त्या वहीतूनच लिहिली, दीड पान, साध्या भाषेत. वकिलांनी वाचून चार वाक्यं घातली, बाकी आमचंच.

"माझी सगळी माहिती डिलीट करा" असं पहिल्यांदा कुणी लिहिलं तेव्हा उत्तराला एक महिना असतो म्हणून निवांत होतो. मग कळलं बिलं तर ठेवावीच लागतात, करासाठी. आधीचा ड्राफ्ट कायदेशीर भाषेत होता, मी फाडला, लिहिलं की नोंदणी, फोन, ईमेल काढलं, बिलावरचं नाव कायद्याने ठेवावं लागतं, मुदत संपली की तेही जाईल. समोरून "ओके, थँक्स". बस्स.

गेल्या वर्षी मात्र आमच्याच चुकीने एक मेल बीसीसीऐवजी सीसीमध्ये गेला, १४० आयोजकांना एकमेकांचे ईमेल पत्ते दिसले. धोका असेल तर ७२ तासांत नियामकाला कळवायचं असतं, धोका नसण्यासारखा असेल तर सक्ती नाही पण नोंद ठेवायचीच. आम्ही नोंद केली, वकिलांना विचारलं, पण त्याआधी, दोन तासांत, सगळ्यांना सांगितलं काय झालं, कुणाच्या चुकीने, आणि तो मेल डिलीट करा अशी विनंती केली. दोघं चिडले, बरेचसे "होतं असं" म्हणाले.

आता मोठे क्लायंट प्रश्नावल्या पाठवतात, ऐंशी-ऐंशी प्रश्न, "तुमचा सुरक्षा विभाग किती जणांचा?" अहो, विभाग कसला, मी आणि एक डेव्हलपर. तसंच लिहिते. एक काम गेलं त्यामुळे, दोन आली.

काल एकाने विचारलं बॅकअपमधूनही माहिती काढता का. बॅकअप तीस दिवसांनी आपोआप जातो, पण हे पॉलिसीत लिहायचंच राहून गेलंय, आज टाकते.