तिघींची कात्री आणि एक भाजलेला हात

ॲमस्टरडॅमच्या राइक्समुझियम या संग्रहालयाच्या अभ्यासकक्षात पेन बाहेर ठेवूनच जायचं, आत फक्त पेन्सिल. वेळ आधी ठरवली होती, त्यामुळे जाड पुठ्ठ्याच्या चौकटीतलं ते गोल चित्र लगेच समोर आलं. क्लोथो, लाखेसिस, अत्रोपॉस: ग्रीक पुराणातल्या नियतीच्या तीन देवी. पहिली आयुष्याचा धागा कातते, दुसरी मापते, तिसरी कापते. डच लोक त्यांना 'स्खिकखोदिनन' म्हणतात. 'स्खिकन' म्हणजे लावून ठेवणं, मांडणं. आपली सटवाई एका रात्रीत कपाळावर सगळं लिहून मोकळी होते. इथे त्याच कामाला तिघी!

चित्र 1587 चं. रचना डच चित्रकार हेन्ड्रिक खोल्ट्सिउसची, पण छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर ती कोरली त्याच्या सावत्र मुलानं, याकोब माटामनं. जन्म 1571 चा, म्हणजे पोरगा तेव्हा सोळाच्या आसपास. भिंग लावलं आणि बराच वेळ मान वर झालीच नाही. अंगाची सगळी गोलाई नुसत्या रेषांची. एखादी रेघ केसासारखी सुरू होते, सावलीपाशी जाड होते आणि परत बारीक होत विरते. कोरणी खोल गेली की चर रुंद होतो, जास्त शाई धरतो. एवढंच त्यातलं गुपित. पण हात जरा घसरला तर तांब्यावर खोडरबर चालत नाही. सोळाव्या वर्षी माझ्या भूमितीच्या वहीत वर्तुळसुद्धा जुळत नसे.

दुसऱ्या दिवशी हार्लेमला गेलो, ॲमस्टरडॅमहून रेल्वेने जेमतेम पाव तास. खोल्ट्सिउसचं गाव हेच. लहानपणी तो विस्तवात पडला, उजवा हात भाजला आणि बोटं कायमची आखडली. गंमत अशी की कोरणी मुठीत धरून तळहातानं रेटायची असते. वळण हवं तर पत्राच फिरवतात. तिथे आखडलेला हात अडला नाही. 1588 मध्ये त्यानं तोच हात कागदावर काढला: फुगलेल्या शिरा, वाकडी बोटं. लेखणीनं काढलेला, पण रेघ मात्र अस्सल कोरणीची. ते रेखाचित्र स्पार्न नदीकाठच्या टेलर्स संग्रहालयाचं. असे जुने कागद सतत उजेडात ठेवत नाहीत, तेव्हा मी त्याच्या पोस्टकार्डावर भागवलं.

संध्याकाळी सेंट बाव्होच्या चर्चमध्ये बसलो. 1617 मध्ये त्याला इथेच पुरलं. फरशी म्हणजे थडग्यांचे दगडच, पाय कुठे ठेवावा कळेना. कार्ड मांडीवर ठेवून मी माझा उजवा हात तसाच वाकवून पाहिला. दोन मिनिटांत बोटं दुखायला लागली.