जपमाळेवर मोजलेले टिलवे

कोजागरीचं दूध आटत होतं आणि आत्या गॅससमोर उभी राहून मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक वाचत होती. "परवा जाऊ. पुनवेनंतर एक-दोन दिवसांनीच खरं उधाण चढतं," तिनं जाहीर केलं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आत्याला नाही म्हणायची पद्धत नाही.

बडोद्यात पक्षी बघायचे म्हटलं की सगळ्यांच्या गाड्या डभोईकडे, वढवाणा तलावाकडे वळतात. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1910 मध्ये सिंचनासाठी झालेला तलाव, 2021 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. थंडीत तिथे बदकांची जत्रा असते, मीही दरवर्षी जातो. पण आत्याचं म्हणणं वेगळं. तिथे पाहुणे येऊन, हातपाय धुऊन, पाटावर बसलेले दिसतात. तिला ते वाटेत गाठायचे असतात. त्यासाठी ऑक्टोबर हवा आणि खंभातच्या आखाताचा चिखल हवा. म्हणून पादरा, जंबुसर करत कावी-कंबोई.

निघायला आठ वाजले. जंबुसरच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर. कावीच्या अलीकडे विजेच्या तारेवर एक काश्मिरी चास दिसला, आपल्या नेहमीच्या नीलपंखाचा चुलत भाऊ. हा इथे राहायला येत नाही. मध्य आशियातून निघून आफ्रिकेला जाताना गुजरातेत चार दिवस टोळ-नाकतोडे खाऊन घेतो आणि पुढे जातो. आत्यानं गाडी थांबवायला लावली, चोपडा उघडला, वेळ लिहिली. चोपडा म्हणजे लाल कापडी बांधणीचा, व्यापारी दिवाळीत पुजतात तो. ती दरवर्षी मांडवीत जाऊन एक घेते. त्यात जमा-खर्चाऐवजी तारीख, वेळ, वारा, ढग, पक्षी कुठून कुठे गेला असे रकाने. घरी आल्यावर ते सगळं ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, चढवायची हमाली माझी.

कावीत पोचल्यावर माझा घोटाळा उघडकीला आला. स्कोप, म्हणजे लांबचं बघायची मोठी दुर्बीण, होता, तिपाई होती, पण दोन्हींना जोडणारी चपटी प्लेट घरी टेबलावर. आत्या काही बोलली नाही, हे जास्त लागलं. समोरच्या किराणा दुकानात जाऊन तिनं दोन किलो तुरीची डाळ घेतली, स्वतःच्या कापडी पिशवीत ओतली आणि तोंड बांधून माझ्या हातात दिली. दगडावर पिशवी, पिशवीत रुतवलेला स्कोप. तिपाईपेक्षा कमी हलत होता, हे कबूल केलंच पाहिजे.

कंबोईला लोक येतात ते स्तंभेश्वरासाठी. तारकासुराला मारल्यावर कार्तिकेयानं स्थापलेलं हे शिवलिंग, अशी स्कंदपुराणातली कथा. भरतीला पाण्याखाली जातं, ओहोटीला मोकळं होतं. आम्ही पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. म्हणजे दर्शनाला उत्तम आणि आमच्या कामाला निरुपयोगी. पाणी इतकं मागे गेलेलं की पक्षी म्हणजे क्षितिजावर सांडलेली मोहरी. हे आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत येतं, त्यामुळे आत शिरलेलं पाणी दाबून वर चढतं. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या घरात जातो, म्हणजे तीन मजले पाणी. थांबायचं, दुसरा इलाज नाही.

थांबताना आत्याच्या गोष्टी. भारतात पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा माग काढायला पद्धतशीर सुरुवात झाली ती 1920च्या दशकात, धार संस्थानात, बदकांपासून. ते संस्थान पवारांचं. तिला याचा अभिमान जरा जास्तच आहे. "गायकवाडांनी तलाव बांधला, पवारांनी कडी घातली, तू निदान प्लेट तरी आणायचीस."

दुपार कलल्यावर चिखलाचा रंग बदलला. आधी ओघळांत पाणी दिसलं, मग ओघळच राहिले नाहीत. मंदिराच्या लोकांनी हाका मारून सगळ्यांना वर बोलावलं. आणि त्या पाण्याच्या पुढे पुढे ते आले. पाणी सरकेल तसे चार पावलं उडायचे, परत बसून चोची मारायचे, परत उडायचे. मागे लांब वाकड्या चोचीचे कोरल, मधे पाणटिवळे, आणि सगळ्यांत पुढे चिखल्यांच्या नि टिलव्यांच्या, म्हणजे चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या, झुंडी.

मोजायचं तंत्र आत्याचं असं. आधी दहा पक्षी एक-एक करून मोजायचे. ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरायचं आणि तेवढं माप थव्यावर ठेवत जायचं. प्रत्येक मापाला जपमाळेचा एक मणी. पूर्ण माळ झाली की 1080. क्लिकर तिला आवडत नाही, टिकटिक होते म्हणते. पदर डोक्यावर, ओठ पुटपुटताहेत, माळ सरकतेय, नजर समुद्राकडे. शेजारी एक बेन बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "बा, कयो जाप करो छो?" आत्यानं उत्तर दिलं नाही, मणी चुकला असता. त्या बाई तिच्या पाया पडून गेल्या.

एक टिलवा आमच्यापासून पंधरा पावलांवर आला. चिमणीएवढा जीव, वजन तीस ग्रॅमच्या आसपास. आत्यानं मला स्कोपला डोळा लावायला सांगितलं. "पाठ बघ. इंग्रजी व्ही दिसतोय का पांढरा?" दिसत होता, खवल्याखवल्यांच्या पिसांवर खडूनं ओढल्यासारखा स्वच्छ. तो यंदाच्या पिल्लांना असतो. म्हणजे हे जूनजुलैत उत्तरेकडच्या टुंड्रात कुठेतरी अंड्यातून निघालेलं. यांची मोठी माणसं आधीच निघून जातात, पिल्लं मागाहून आपली आपण येतात. कुणी वाट दाखवलेली नाही. त्याच्या पायाला चिखलाचा गोळा चिकटला होता, दर दोन पावलांनी तो पाय झटकत होता.

वरून एक तपकिरी भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, आला, सगळा थवा एकदम उठला आणि अर्धी माळ वाया गेली. भोवत्या न थांबता पाण्यावरून पश्चिमेला गेला. पलीकडे भावनगरच्या बाजूला वेळावदर आहे, तिथल्या गवतात हिवाळ्यात शेकड्यांनी भोवत्ये रात्री उतरतात. "मॉंटेग्यूचा भोवत्या लिहू?" मी जातीचं नाव घेऊन विचारलं. मादी आणि पिल्लं यांच्यात जात ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. "पाहिलंस का नीट? मग 'भोवत्या, जात नक्की नाही, पश्चिमेकडे' एवढंच लिही."

टिलव्यांसाठी मी 600 लिहिलं. आत्यानं ते खोडलं. गोल आकडा म्हणजे आळस, असं तिचं मत आहे. शेवटी "570 ते 640, थवा उडाला" असं ठरलं. रोहितांच्या रकान्यात तिनं शून्य घातलं, कारण आम्ही त्यांना शोधलं होतं आणि ते नव्हते. गेल्या वर्षी याच तिथीला होते, असं मागचा चोपडा सांगतो.

उजेड गेला तेव्हा पाणी पायऱ्यांना लागलं होतं. येताना जंबुसरला चहा घेतला, दोघंही फारसं बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी त्या डाळीचं वरण झालं. तीन पाण्यांनी धुतली होती. तरी पहिल्याच घासाला दाताखाली कचकन कंबोई आली.