आम्पारो

मंगळवार, रात्री

आज दिवसभर एकच शब्द डोक्यात घोळतोय. आम्पारो.

मेक्सिकोच्या बातम्या वाचत होते. न्यायाधीशांनी कुणाला तरी 'आम्पारो' दिला, असा मथळा. शब्दकोशात पहिला अर्थ आसरा, आधार. स्पेनमध्ये हे बायकांचं नावही असतं, वालेन्सियात तर फारच. तिथली मेरी माता 'देसाम्पारादोस'ची, म्हणजे ज्यांना कुणी नाही त्यांची. १४०९ मध्ये जोफ्रे नावाच्या धर्मगुरूने भर रस्त्यात एका वेड्या माणसाला मारहाण होताना पाहिली आणि तोच विषय प्रवचनात काढला. त्यातून वेड्यांसाठी इस्पितळ उभं राहिलं, आणि या मातेची भक्तीही तिथूनच वाढली. आपल्याकडे 'निराधार' शब्द असाच घरातही चालतो आणि तहसील कचेरीतही. 'तिला निराधारचे पैसे मिळतात' हे गावात कुणालाही समजतं.

पण मेक्सिकोत या शब्दाने केवढी झेप घेतली! सरकारी अधिकाऱ्याने, अगदी कायदेमंडळानेसुद्धा, तुमच्या मूलभूत हक्कावर घाला घातला तर संघराज्याच्या (फेडरल) न्यायालयात जाऊन मागायचा तो आम्पारो. १८४१ च्या, मेक्सिकोतल्या युकातान राज्याच्या राज्यघटनेत मान्युएल क्रेसेन्सियो रेहोन यांनी तो आणला. १८४७ मध्ये मारियानो ओतेरो यांनी तो देशाच्या घटनेत नेला, आणि तीनच वर्षांत, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते कॉलऱ्याने गेले.

सगळ्यात जास्त मी थांबले ती पहिल्या निकालापाशी. सान लुइस पोतोसी, १३ ऑगस्ट १८४९. राज्यपालांनी वेरास्तेगी नावाच्या माणसाला राज्याबाहेर घालवायचा हुकूम काढलेला. घटनेत आम्पारो होता, पण तो द्यायचा कसा, याचा कायदा अजून झालाच नव्हता. न्यायाधीश पेद्रो सामानो 'नियम येऊ देत, मग बघू' म्हणून फाईल बाजूला ठेवू शकले असते. त्यांनी लिहिलं की नियम नाहीत ही काही हे पवित्र कर्तव्य पार पाडण्यातली अडचण होऊ शकत नाही, आणि वेरास्तेगीला संरक्षण दिलं. कारकुनीला इतकं स्वच्छ उत्तर मी क्वचित वाचलंय.

निकालाचं ठरलेलं वाक्यही पाठ केलं: 'संघराज्याची न्यायव्यवस्था अमक्याला आसरा देते आणि त्याचं रक्षण करते.' आपल्याकडच्या 'हेबियस कॉर्पस'चं, म्हणजे अडकवून ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा या हुकमाचं, मोल कमी नाही. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ देणाऱ्या कलम ३२ ला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटलं ते उगाच नाही. पण ते लॅटिन नाव कुणाच्या आजीच्या तोंडी येत नाही. आम्पारो येतो.

२०१३ च्या आम्पारो कायद्यात एक तरतूद आहे. एखाद्याला उचलून नेलंय, कुणाशी बोलू देत नाहीत, जिवाला धोका आहे आणि त्याला स्वतः येता येत नाही, तर त्याच्या वतीने कुणीही अर्ज करू शकतं. लहान मूलसुद्धा. तोंडीसुद्धा चालतो. हे वाचून अंगावर काटा आला. बाप परत आला नाही म्हणून पोर न्यायालयात उभं राहतंय, आणि त्याचं म्हणणं लिहून घ्यायला कायदा बांधलेला आहे.

मोठ्या कंपन्या आणि पैसेवालेही याच आम्पारोच्या आड राहून कर आणि चौकश्या लांबवतात, अशी तक्रार मेक्सिकोत नेहमीची. राग येण्यासारखंच आहे. तरी त्यापायी त्या पोराची वाट अरुंद होऊ नये, असं मला फार वाटतं.

फिलिपिन्समध्ये स्पॅनिश आता जवळजवळ कुणी बोलत नाही. तरी माणसं गायब होऊ लागली, त्यांचे खून पडू लागले, तेव्हा २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असाच उपाय आणला आणि नाव आम्पारोच ठेवलं. उद्या ते नियम मिळवून वाचायचे आहेत.