मेंटल हेल्थमध्ये एमएसडब्ल्यू म्हणजे शिकतात तरी काय

मेंटल हेल्थ घेऊन एमएसडब्ल्यू, म्हणजे मास्टर ऑफ सोशल वर्क, केलंय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे तू सायकॉलॉजिस्ट का? नाही. मग गोळ्या लिहून देतेस? तेही नाही. मग करतेस काय? आता यात त्यांचा काही दोष नाही, पहिल्या सेमिस्टरला वर्गातल्या निम्म्या लोकांनाही हे नीट सांगता येत नसतं.

आजारांची लक्षणं, वर्गीकरण, मेंटल स्टेटस एक्झामिनेशन (पेशंटचं बोलणं, विचार, मूड यांची पद्धतशीर तपासणी), औषधांचे साइड इफेक्ट्स हे सगळं असतंच, ते पाठ करायचं आणि पुढे जायचं. डायग्नोसिस सायकियाट्रिस्ट करतो. आपलं काम त्यानंतरचं, म्हणजे हा माणूस घरी कुणाबरोबर राहतो, गोळ्या कोण देतं, नोकरी टिकलीय का, डिस्चार्ज झाल्यावर त्याला घ्यायला कुणी येणार आहे की नाही.

हे सगळं वरवरचं वाटत असेल तर एक्स्प्रेस्ड इमोशनचा, म्हणजे घरचे पेशंटशी कोणत्या भावनेने बोलतात-वागतात याचा टॉपिक जरूर वाचा, माझा सगळ्यात आवडता. जॉर्ज ब्राउन नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाच्या 1950 च्या दशकात लक्षात आलं की हॉस्पिटलमधून आई-वडिलांकडे किंवा नवरा-बायकोकडे परत गेलेले स्किझोफ्रेनियाचे पेशंट, वेगळ्या खोलीवर किंवा भावंडांकडे राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडतायत. उलटं व्हायला हवं ना? पुढच्या अभ्यासांमधून दिसलं की घरात सतत टीका, चीड किंवा गुदमरून टाकणारी काळजी असेल तर रिलॅप्सचं प्रमाण वाढतं, आणि त्यातही आठवड्याला 35 तासांहून जास्त वेळ समोरासमोर जात असेल तर आणखीच. काळजीसुद्धा त्या यादीत आहे हे ऐकून वर्गात दरवेळी कुणीतरी अस्वस्थ होतंच. पण याचा अर्थ घरच्यांमुळे आजार झाला असा अजिबात नाही, हे शिक्षक पुन्हा पुन्हा बजावतात आणि बजावायलाच हवं, कारण घरचे आधीच थकलेले असतात. त्यांना आजार समजावून सांगणं, पेशंटला दिवसाचे काही तास जायला डे केअर किंवा छोटं काम शोधणं, हे सोशल वर्करचं काम आणि त्याचा परिणाम मोजता येतो.

आता प्रोसेस रेकॉर्डिंग. सगळ्यांना याचा वैताग. फिल्डवर्कहून, म्हणजे कोर्समधल्या प्रत्यक्ष कामाहून दमून यायचं आणि क्लायंट काय म्हणाला, मी काय म्हणाले, तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं हे आठवून जवळजवळ शब्दन् शब्द लिहायचं, आणि मग सुपरव्हायझर त्यावर लाल पेन चालवणार. क्लायंट म्हणतो, "आता कशाचाच उपयोग नाही." विद्यार्थी लगेच, "असं नका म्हणू, सगळं नीट होईल." समासात सुपरव्हायझरचा प्रश्न, हा धीर कुणाला दिलात, त्यांना की स्वतःला? या एका प्रश्नात जे कळतं ते काउन्सेलिंग स्किल्सच्या जाड पुस्तकात सापडत नाही असं माझं ठाम मत आहे. शिवाय असं वाक्य आलं की विषय न बदलता आत्महत्येबद्दल सरळ विचारायचं असतं, विचारल्याने डोक्यात तो विचार शिरत नाही, हेही तिथेच अंगवळणी पडतं.

आणि वर्गाबरोबर प्रत्यक्ष काम करत शिकायची ही पद्धत काही नवी नाही बरं का. अमेरिकेत 1918 साली पहिल्या महायुद्धात मनाने खचलेल्या सैनिकांसाठी स्मिथ कॉलेजमध्ये मेरी जॅरेट यांच्या पुढाकाराने सायकियाट्रिक सोशल वर्कचा कोर्स सुरू झाला, त्यातही आधी उन्हाळ्यात वर्ग आणि मग काही महिने हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम असंच होतं.

म्हणून कुणी कोर्स निवडायचा म्हणून विचारलं की मी सिलॅबसचं फार बोलत नाही, सिलॅबस सगळीकडे थोड्याफार फरकाने तोच. फिल्डवर्कसाठी प्लेसमेंट कुठे मिळते, सुपरव्हायझर स्वतः या क्षेत्रात काम केलेला आहे का आणि तो दर आठवड्याला खरंच तास-दीड तास बसतो का की नुसती सही करतो, हे सीनियर्सना विचारून घ्या.