बाबांची पद्मिनी, शेडमधले चार महिने

८ जून

आज शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री काढली. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्याआधीही दोन-तीन वर्षं गाडी उभीच होती. प्रीमियर पद्मिनी, १९७९ चं मॉडेल. बाबांनी १९९२ मध्ये ती सेकंडहँड घेतली तेव्हा मी पहिलीत होते. चारही टायर बसलेत, बॉनेटखाली उंदरांनी चिंध्यांचं घर केलंय. स्टिअरिंगवरच्या गिअरच्या दांड्याला मात्र बाबांनी गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी अजून घट्ट आहे.

भंगारवाला दोनदा भाव सांगून गेला. आई म्हणाली, "तुला वाटतं ते कर, मी मधे पडणार नाही." मला गाडी चालवता येते, उघडता येत नाही. तरी कुणाकडे देऊन चकचकीत करून आणायची नाही, एवढं मनाशी पक्कं आहे. आत काय काय आहे ते मला स्वतः बघायचंय.

१६ जून

पहिला खर्च रिंग पान्यांचा सेट, गोटी पाना, बारीक फटी मोजायचं फिलर गेज आणि दोन घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे स्टँड. घोड्यांशिवाय गाडीखाली पाय घालायचा नाही, नुसत्या जॅकवर कधीच नाही, हे कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी पहिल्याच भेटीत बजावलं. बाबा त्यांच्याकडेच काम करून घ्यायचे. आता वय झालंय, लेथ मुलगा चालवतो, पण ते सकाळी येऊन बसतात.

मी उत्साहानं इंजिनाचं बोलायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इंजिन काय, चार दिवसांत बोलतंय ओ ताई. ब्रेकचं काय केलंसा ते सांगा आधी."

मी काहीच केलं नव्हतं.

२५ जून

पाऊस धो धो. शेडच्या पत्र्यावर एवढा आवाज की हातातून नट पडला तरी ऐकू येत नाही.

ब्रेकचं काम ठरलं, तरी इंजिनाला एकदा हात लावल्याशिवाय राहवलं नाही. चारही प्लग काढले, भोकांतून थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि चार दिवस तसंच ठेवलं. टायरमध्ये हवा भरली. आज टॉप गिअर टाकला, प्लग बाहेरच ठेवले आणि शेजारच्या दोन मुलांना घेऊन गाडी मागे-पुढे हलवली. आधी हूं की चूं नाही. मग एकदम काहीतरी सैल झालं आणि पंख्याची पाती फिरली. १०८९ सीसीचं छोटंसं इंजिन, इतकी वर्षं पडून, आणि जाम झालेलं नाही! मी तशीच ओल्या अंगणात धावत आईला सांगायला गेले.

६ जुलै

आज मॅटिंग काढलं. खाली भिजलेला फेल्ट, आणि फेल्टच्या खाली पत्राच नाही. ड्रायव्हरच्या पायाशी हाताच्या पंजाएवढं भोक, त्यातून शेडची फरशी दिसते. स्क्रू ड्रायव्हरनं कडेला टोचलं तर आणखी चार बोटं पत्रा पापडासारखा मोडला.

मला वाटलं होतं, भोकावर एक तुकडा वेल्डिंग केला की झालं. पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटरनं समजावलं की ह्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पद्मिनी ज्या फियाट ११०० वरून आली, तिचं हे बांधणीचं रूप फियाटनं १९५३ मध्ये आणलं तेव्हापासून बॉडी हीच गाडीची हाडं. फ्लोअर आणि दाराखालचा उंबरा कुजला की गाडीचा कणाच कुजतो. त्यामुळे चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, मग नवा जोडायचा. आणि दारं बसवून, ती नीट लागतात ना हे बघत बघत कापायचं, नाहीतर बॉडी मधे वाकते आणि दार पुन्हा कधी बसत नाही. वेल्डिंग त्याच्याकडून करून घेणार. ते मी शिकेन, पण ह्या गाडीवर शिकणार नाही.

कोल्हापूरच्या पावसाचा राग आला. नंतर वाटलं, फेल्ट ओला ठेवला तो आम्ही. एकदा उन्हात दारं उघडून ठेवली असती तरी पुष्कळ वाचलं असतं.

२० जुलै

मागचं डावं चाक काढलं. ड्रम निघेना. कडेनं गंजाचं तेल सोडलं, लाकडी ठोकळा मधे धरून हातोडीनं हळूहळू ठोकत फिरवत गेले. पाऊण तासानं निघाला. आत व्हील सिलिंडर, ऑइलच्या दाबानं त्या चाकाचा ब्रेक लावणारा. रबरी टोपी उचलली तर काळपट चिखल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी नुसती उभी राहिली तरी सिलिंडर आतून गंजतो. ब्रेक वापरलाच नाही म्हणजे तो शाबूत असणार असं मी धरून चालले होते. नेमकं उलटं निघालं.

सगळा नट-बोल्टांचा पसारा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, प्रत्येकावर चिकटपट्टी: 'मागे डावे', 'मागे उजवे', 'पुढे'. काढण्याआधी फोनवर फोटो. स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे रात्री आठवत नाही.

२ ऑगस्ट

चूक झाली. सिलिंडरच्या नव्या किटमधली रबरं बसवण्याआधी स्वच्छ असावीत म्हणून पेट्रोलमध्ये टाकली. सकाळी बघते तर फुगून मऊ. सिलिंडरमध्ये जाईनात. ब्रेकच्या रबराला पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, काहीही लागू द्यायचं नाही. पुसायचं ते ब्रेक ऑइलनंच. मिस्त्री फोनवर एवढंच म्हणाले, "फुगल्याली दिसली हे बरं झालं की ओ. आत घालून फुगली असती तर?" दिवसभर तेच डोक्यात राहिलं.

नवं किट कुर्ल्याच्या एका दुकानातून मागवलं. गाडी कुर्ल्यातच जन्मली. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. कारखान्यातून पद्मिनी निघणं बंद होऊन दोन तपं उलटली, तरी सामान मिळतं ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. हजारो टॅक्सीवाल्यांनी ही गाडी रोज चालवली, रोज दुरुस्त केली, म्हणून दुकानदारांनी सुटे भाग ठेवले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. दुकानदार म्हणाला, आता असेल तो माल संपेपर्यंत. मी एकाऐवजी दोन किट घेतली.

३१ ऑगस्ट

पेडलांपाशी वाकून काम करत होते. ब्रेकच्या पेडलाचं रबर उजव्या कडेला झिजून गुळगुळीत झालंय, डावीकडच्या रेघा मात्र शाबूत. बाबांची टाच थोडी तिरकी पडायची. तिथंच डॅशखाली वायरींचा एक जोड सापडला: पिळलेली तांब्याची तार, त्यावर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी, तीही पिवळी पडलेली. हे बाबांचंच. कुठल्यातरी रात्री, घाटात, जे हाताशी होतं त्यानं केलेलं.

जोड कापून नीट केला. वायरिंगच्या बाबतीत भावनेला जागा नाही, गाडी पेटते. पण तो दोन इंचांचा तुकडा डब्यात ठेवलाय.

५ ऑक्टोबर

फ्लोअर झाला, प्रायमर मारला. चारही चाकांचे सिलिंडर, होज पाइप, पेडलाचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडर नवीन. आज ब्रेकची हवा काढायची होती आणि त्याला दोन माणसं लागतात. शेजारची मुलं परीक्षेत. आईला म्हटलं, येतेस का?

ती आयुष्यभर ह्या गाडीत डाव्या बाजूला बसली. आज पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसली, साडी सावरून, चपला बाहेर काढून. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. मी खाली, चाकाच्या सिलिंडरवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं.

"दाब. धरून ठेव."

निपल पाव फेरा सैल केला. नळीतून बुडबुडे फुटत आले.

"गेलं गं खाली!"

"जाऊ दे, पाय उचलू नको."

निपल आवळला. "आता सोड."

पुन्हा. पुन्हा. मधे मधे उठून बॉनेटखालची, मास्टर सिलिंडरची ऑइलची बाटली भरायची, ती रिकामी झाली की हवा परत आत. एकदा तिनं पाय लवकर उचलला, तेवढी मेहनत फुकट गेली, पुन्हा पहिल्यापासून. ऑइलचा थेंब मडगार्डवर पडला तो लगेच पाण्यानं धुतला, रंग खातं ते. चौथ्या चाकापर्यंत संध्याकाळ झाली. बुडबुडे थांबले, नळीत नुसती मधासारखी रेघ.

"दाब आता."

"नाही जात गं खाली," आई म्हणाली. "दगडासारखं लागतंय."

मी हात पुसत बाहेर आले. ती उतरली नव्हती. वाकून पायाशी बघत होती.

"हे रबर का नाही बदललंस? झिजलंय पार."

नवीन आणलंय, डब्यात आहे, घातलं नाही, एवढंच सांगितलं. तिनं मान हलवली आणि पेडल पुन्हा एकदा दाबून बघितलं.