माउंट लॉरेलचा निकाल आणि आमच्या गावची सोडत

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या टाउनशिपच्या सभागृहात मी आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिले. न्यू जर्सीत येऊन सतरा वर्षं झाली, पण गावच्या सभेत बोलायची वेळ कधी आली नव्हती. प्रत्येकाला तीन मिनिटं. समोर लाल आकड्यांचं घड्याळ उलटं मोजत असतं, आणि वेळ संपली की सभापती नम्रपणे थांबवतात. विषय एकच होता: पुढच्या दहा वर्षांत गावात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी किती घरं बांधायची आणि कुठे.

माझ्या आधी आमच्याच रस्त्यावरचे एक मराठी काका बोलले. सज्जन माणूस, गणपतीत सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडणारा. ते म्हणाले, शाळा आधीच भरल्या आहेत, रस्त्यावर गर्दी आहे, आणि आम्ही आयुष्यभराची कमाई घालून इथे घर घेतलंय ते शाळेसाठीच. त्यांची काळजी खोटी नाही. इथली घरपट्टी अख्ख्या देशात सगळ्यात जास्त, सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात, आणि त्यातला मोठा हिस्सा शाळांना जातो. मुलं वाढली की बोजा आपल्यावर येणार, असं माणसाला वाटतंच. तरीही ते बोलत असताना माझ्या पोटात कालवाकालव होत होती. का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

तिकडे अमेरिका म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर व्हाइट हाऊस येतं. इथे राहणाऱ्याचं रोजचं आयुष्य मात्र राज्याच्या हातात असतं. आपल्याकडे महाराष्ट्राला स्वतःची राज्यघटना नाही. न्यू जर्सीला आहे, सध्याची १९४७ सालची. राजधानी ट्रेंटन. सिनेटचे ४० आणि असेंब्लीचे ८० मिळून १२० आमदार, वर गव्हर्नर. २० जानेवारी २०२६ पासून त्या खुर्चीवर मिकी शेरिल आहेत. एकेकाळी नौदलात हेलिकॉप्टर चालवणाऱ्या. आणि या सगळ्यांच्या जोडीला राज्याचं स्वतःचं सुप्रीम कोर्ट, सात न्यायमूर्तींचं. गव्हर्नर नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देते. पहिली नेमणूक सात वर्षांची असते. पुन्हा नेमणूक झाली की मग वयाच्या सत्तरीपर्यंत पद टिकतं.

आपल्याकडे उच्च न्यायालयाच्या निकालावर दिल्लीला जाता येतं. इथे राज्यघटनेतल्या कलमाचा अर्थ काय, यावर ट्रेंटनचं कोर्ट बोललं की तो शेवटचा शब्द. त्यावर वॉशिंग्टनचं सुप्रीम कोर्टसुद्धा वेगळा अर्थ लावू शकत नाही. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा या राज्याकडे बघायची माझी नजरच बदलली.

माउंट लॉरेल हे न्यू जर्सीतलं, फिलाडेल्फियाच्या बाजूचं एक गाव. साठच्या दशकात तिथली शेतं जाऊन बंगल्यांच्या वसाहती येऊ लागल्या. गावात कृष्णवर्णीय कुटुंबं पिढ्यान्पिढ्या राहत होती. काही जण तर कोंबड्यांची खुराडी दुरुस्त करून त्यात संसार करत होते. अशी पडकी घरं गावाने राहायला अयोग्य ठरवायला सुरुवात केली. मग या लोकांनी ठरवलं, आपण ३६ छोटे फ्लॅट बांधू. नियमात ते बसेना. गावाच्या नियमांप्रमाणे मोठे प्लॉट हवेत, एकेका कुटुंबाची सुटी घरं हवीत. नव्या अपार्टमेंट मंजूर केल्या, तर त्यातही बेडरूम मोजून दिलेल्या, म्हणजे शाळेत जाणारी मुलं फार येणार नाहीत. १९७० मध्ये एका रविवारी महापौर चर्चमध्ये आले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं, ज्यांना इथे राहणं परवडत नाही त्यांनी गाव सोडावं.

त्या लोकांत एथेल लॉरेन्स नावाच्या बाई होत्या, पेशाने शिक्षिका. त्या कोर्टात गेल्या.

१९७५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला. न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी तो लिहिला. जमीन कशी वापरायची हे ठरवायचा अधिकार गावाला राज्याकडून मिळतो, आणि गावाने तो सगळ्यांच्या कल्याणासाठी वापरायला हवा. म्हणून वाढत्या गावाने आसपासच्या प्रदेशातल्या गरीब आणि मध्यम कुटुंबांच्या घरांचा आपला न्याय्य वाटा उचललाच पाहिजे, असं कोर्ट म्हणालं. आणि याला आधार घेतला तो केवळ राज्यघटनेचा. त्यामुळे वर दाद मागायला जागाच उरली नाही.

निकाल लागला म्हणून घरं बांधली गेली नाहीत, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. आठ वर्षांनी, १९८३ मध्ये, मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट विलेन्ट्झ यांच्या काळात कोर्टाने पुन्हा कान पिळला. जे गाव टाळाटाळ करेल तिथे बिल्डर थेट कोर्टात येऊ शकेल, आणि काही घरं स्वस्त ठेवायच्या अटीवर त्याला मोठी इमारत बांधायची परवानगी मिळेल, असा नियम आला. हा धाक बसल्यावर १९८५ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, गावांचा वाटा ठरवायला एक मंडळ नेमलं. पण त्याच कायद्यात एक पळवाट होती: श्रीमंत गावाने आपला निम्म्यापर्यंतचा वाटा पैसे मोजून दुसऱ्या शहराच्या गळ्यात मारायचा. ती २००८ मध्ये बंद झाली. मंडळ हळूहळू निकामी झालं, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने काम पुन्हा खालच्या कोर्टांकडे दिलं, आणि शेवटी मार्च २०२४ मध्ये नवा कायदा येऊन ते मंडळच गेलं. आता राज्य सरकार प्रत्येक गावाचा आकडा काढून देतं. राज्यात ५६४ गावं-शहरं आहेत आणि २०२५ ते २०३५ या दहा वर्षांसाठी सगळ्यांची बेरीज सुमारे ८५ हजार नव्या घरांची आहे. आराखडा द्यायची मुदत होती ३० जून २०२५. आमची ती सभा त्यासाठीच होती.

मॉन्टवेल नावाच्या गावाच्या पुढाकाराने दोन डझनांहून जास्त गावांनी या कायद्याला आव्हान दिलं. स्थगिती काही मिळाली नाही. माझ्या मते ते बरंच झालं. पन्नास वर्षं वाट बघायला लावून आणखी थांबा म्हणणं हे न्यायाचं लक्षण नव्हे.

तर त्या संध्याकाळी काका खाली बसले आणि माझं नाव पुकारलं. मी कायद्याबद्दल बोललेच नाही. मी मावशींबद्दल बोलले.

मावशी आमच्या भागातल्या एका किचनमध्ये पोळ्या लाटतात. सकाळी पाचला पर्थ अँबॉय या शहरातून निघायचं, एक बस, मग दुसरी बस, मग पंधरा मिनिटं पायी. हिवाळ्यात बर्फ पडला की त्या पंधरा मिनिटांची पंचवीस होतात. आपल्या सगळ्यांच्या डब्यात, सगळ्यांच्या मुंजी-बारशांत त्यांच्या पोळ्या असतात. त्यांच्या हाताला अंगठ्याच्या मुळाशी लाटण्याचा घट्टा पडलाय, मऊ कणकेसारखा पिवळट. मुलगी आणि नातू त्यांच्यासोबत एका खोलीत राहतात. मी सभेला एवढंच विचारलं, की ज्या बाईच्या हातचं आपण रोज खातो तिने या गावात फक्त काम करायला यायचं आणि संध्याकाळी निघून जायचं, असं आपलं म्हणणं आहे का? तीस सेकंद उरले होते. ते मी तसेच सोडले.

माझं बालपण परळच्या चाळीत गेलं. दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक मोरी. बाबांनी म्हाडाच्या सोडतीचा फॉर्म किती वेळा भरला याची गणती नाही. निकालाच्या दिवशी पेपरात बारीक अक्षरात नंबर छापून यायचे, आणि बाबा फूटपट्टी धरून एकेक ओळ खाली सरकवत जायचे. शेवटच्या ओळीनंतर ते पेपराची घडी नीट घालून रद्दीत ठेवत. चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत. आमची सोडत लागली नाही. कधीच. चाळ विकासकाकडे गेली, लोक विरार-बदलापूरला पांगले. लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, तिथे घरकाम करायला त्याच पांगलेल्या बायका पहाटेच्या लोकलने येतात. म्हणून सभागृहात मला राहवलं नाही. परवडत नसेल तर गाव सोडा, हे वाक्य माझ्या घरच्यांनी ऐकलेलं आहे. फक्त ते मराठीत होतं.

सभेनंतर काका गाडीपाशी आले. म्हणाले, ‘तुझं पटलं असं नाही म्हणत. पण त्या बाई दोन बस बदलून येतात हे मला माहीत नव्हतं.’ मी म्हटलं, ‘काका, मलाही मागच्या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं.’ आराखडा मंजूर झाला, काकांनी विरोधात पत्रही दिलं. आमचं बोलणं सुरू आहे, आणि गणपतीत खुर्च्या याही वर्षी तेच मांडणार.

एथेल लॉरेन्स १९९४ मध्ये गेल्या. त्यांच्या नावाची वसाहत माउंट लॉरेलमध्ये २००० साली उभी राहिली, निकालानंतर पंचवीस वर्षांनी. मी तिथे जाऊन आले. नीटनेटकी घरं, पायऱ्यांवर मुलांच्या सायकली, एका खिडकीत कुंड्या. आजूबाजूच्या महागड्या वसाहतींपासून वेगळं काही ओळखू येत नाही. मी गाडीत बसून बराच वेळ त्या सायकलींकडे बघत राहिले.

इथेही परवडणारी घरं सोडतीने मिळतात. जानेवारीत शेजारच्या गावातल्या एका इमारतीचे अर्ज निघाले आणि मावशी रविवारी आमच्याकडे आल्या. सोबत पगाराच्या पावत्या, नातवाच्या शाळेचं पत्र, सगळं एका साडीच्या पिशवीत. डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून आम्ही फॉर्म भरला. कुटुंबात माणसं किती, वर्षाचं उत्पन्न किती, खोल्या किती हव्यात. ‘दोन लिही,’ मावशी म्हणाल्या. मग थोडं थांबून, ‘जास्त तर नाही ना होत?’

‘नाही मावशी. तिघं आहात, दोन बरोबर.’

अर्ज गेला, पडद्यावर नंबर आला. मी प्रिंट काढून देते म्हटलं, पण त्यांनी पिशवीतून पेन काढलं आणि किराण्याच्या पावतीमागे तो नंबर स्वतःच्या अक्षरात, मराठी आकड्यांत लिहून घेतला. मग पुन्हा एकदा पडद्याशी ताडून पाहिला, एकेक आकड्यावर बोट ठेवत.