पी16 पॉझिटिव्ह आणि जिभेची गाठ

ही केस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकते.

मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे काढलेल्या गाठीचे काप मायक्रोस्कोपखाली बघून निदान करते. सेकंड ओपिनियनला बाहेरच्या स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) येतात, बहुतेक वेळा पहिला रिपोर्ट बरोबरच असतो, दोन ओळी लिहायच्या आणि पुढे जायचं. या केसमध्ये पेशंटची मुलगी स्वतः डबा घेऊन आली. जिभेच्या कडेची कॅन्सरची गाठ, 1.8 सेंमी, ऑपरेशन झालेलं, पण मान उघडून तिथल्या लसिका गाठी (नोड्स) काढलेल्या नाहीत. रिपोर्ट चांगला जाडजूड, रंगीत फोटो वगैरे. त्यात मार्कर, म्हणजे अँटीबॉडीने रंगवून तपासलेली पेशींतली प्रथिनं: पी53 पॉझिटिव्ह, केआय-67 60 टक्के, ईजीएफआर पॉझिटिव्ह, पी16 पॉझिटिव्ह. आणि ती बसता बसताच म्हणाली, "मॅडम, पी16 पॉझिटिव्ह म्हणजे चांगल्या प्रकारचा कॅन्सर ना? आम्हाला तसंच सांगितलंय, मानेचं ऑपरेशन नको म्हणाले."

मी म्हणलं आधी स्लाइड बघू द्या.

पी16 चं ते "चांगलं" खरं आहे, पण ते घशाच्या कॅन्सरचं, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारा. तिथे पी16 हा गाठ एचपीव्ही या विषाणूमुळे झाल्याचा पुरावा म्हणून चालतो, एजेसीसीच्या (कॅन्सरची स्टेज ठरवायचे अमेरिकन नियम) आठव्या आवृत्तीत त्याचं स्टेजिंगच वेगळं आहे. जिभेचा पुढचा भाग, गाल, हिरड्या इथे ते गणित लागू नाही. शिवाय घशातसुद्धा निदान 70 टक्के पेशींत, न्यूक्लियस आणि सायटोप्लाझम दोन्हीकडे, गडद रंग हवा. इथे कुठेतरी ठिपक्याठिपक्यांनी फिकट तपकिरी, त्यालाही "पॉझिटिव्ह" लिहिलेलं! रिपोर्टमध्ये मार्जिन, म्हणजे कापलेली कड, कॅन्सरपासून "फ्री" होतं, किती मिलिमीटर फ्री ते नाही. आणि डेप्थ ऑफ इन्व्हेजन, डीओआय, म्हणजे गाठ किती खोल घुसली, हा शब्दच नाही.

आता डीओआय म्हणजे गाठीची जाडी नव्हे, हे मी रेसिडेंट्सना सांगून सांगून थकलेय. शेजारच्या नॉर्मल म्युकोसाच्या (वरच्या अस्तराच्या) बेसमेंट मेंब्रेनची, म्हणजे अस्तराच्या तळच्या पडद्याची, पातळी धरायची, गाठ वर आलेली असो वा व्रणाने खाली खचलेली, त्या पातळीपासून सगळ्यात खोल पेशीपर्यंत सरळ ओळंबा सोडायचा. त्यासाठी नॉर्मल कड असलेला ब्लॉक लागतो, तो सुदैवाने होता. मोजलं, 6.5 मिमी. 5 च्या वर गेलं की 2 सेंमीच्या आतली गाठसुद्धा टी1 (गाठीची सगळ्यात सुरुवातीची पायरी) राहत नाही, टी2 होते. खोल मार्जिन 4 मिमी, म्हणजे क्लोज, कॅन्सर कापलेल्या कडेच्या फार जवळ.

मग ब्लॉकचे आणखी खोल काप मागवले. आमच्या टेक्निशियनचा हात असा की संपत आलेल्या ब्लॉकातूनही सुरकुती न पडता कापांची सलग रिबन काढतो, त्याला पगारवाढ कोणी देत नाही हे वेगळं. त्या कापांत मुख्य गाठीच्या पुढच्या टोकापासून 1 मिमीपेक्षा जास्त अंतरावर, मध्ये चांगला धडधाकट स्नायू, आणि तिथे पाचसहा पेशींचं एक एकटं बेट. डब्ल्यूपीओआय-5 (वर्स्ट पॅटर्न ऑफ इन्व्हेजन), इन्व्हेजनची सगळ्यात वाईट तऱ्हा. शेजारी एका नर्व्हला पेशींनी पूर्ण वेढा घातलेला. हे सगळं साध्या गुलाबी-जांभळ्या एचअँडईवर, म्हणजे रोजच्या नेहमीच्या रंगावर, एकही अँटीबॉडी न वापरता.

मुलीला सांगताना मी अडखळले. मार्करचे आकडे गटाबद्दल बोलतात, तुमच्या बाबांबद्दल नाही, हे समजावणं कठीणच. एवढंच सांगितलं की पी16 वर विसंबून मान सोडू नका, सर्जनना हे पान दाखवा.

ट्यूमर बोर्डात, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीत, थोडी वादावादी झाली. एक सिनिअर म्हणाले नोड हाताला लागत नाहीत, स्कॅनही क्लिअर, वाट बघू. 2015 चा टाटा मेमोरियलचा ट्रायल तिथे आठवून द्यावा लागला, सुरुवातीच्या स्टेजच्या गाठीत मान आधीच साफ केली तर तीन वर्षांचं सर्व्हायव्हल 80 टक्के, वाट बघितली तर 67.5. शेवटी मानेचं ऑपरेशन केलं. दोन नोड्समध्ये मेटास्टॅसिस, म्हणजे कॅन्सर पोचलेला, पण नोडचं कॅप्सूल (बाहेरचं आवरण) फुटलेलं नाही. आता रेडिएशन चालू आहे. पुढे काय होईल माहीत नाही.

नंतर पहिल्या लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्टना फोन केला, भांडायला नाही, ब्लॉक परत पाठवायचा होता म्हणून, पण विषय निघालाच. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, रेफर करणारे मार्करचं पॅनल मागतात, पेशंट त्याचे पैसे देतात. डीओआय आजवर कोणी मागितलेला नाही." मी म्हणलं मागायची गोष्टच नाहीये ती, एजेसीसीच्या आठव्या आवृत्तीपासून टी स्टेजच त्याशिवाय ठरत नाही. हो हो म्हणाले. परवा त्यांच्याकडून गालाची एक केस आली, पी16 सकट.